स्वयंपाकघर, मध्यम गोंगाट

खोकला बाबांचा होता. आधी घसा खाकरल्यासारखा एक कोरडा ठसका, मग थोडं थांबून दोन मोठे, आणि शेवटी आत ओढलेला श्वास, आता काहीतरी बोलणार असा. मी आईच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. आईच्या दोन्ही कानांतल्या मशीनमधून वायरी निघून टेबलावरच्या डबीत गेल्या होत्या आणि कंपनीची मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणत होती, "आजी, आता मागे स्वयंपाकघरातला आवाज लावते हं. त्यात माझं बोलणं कळतंय का तेवढं सांगा." स्पीकरमधून नळ वाहायला लागला. एक झाकण पडलं, गोल गोल फिरत गप्प झालं. आणि बाबा खोकले. मी दाराकडे बघितलं. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी मान आपोआप वळली. मानेला कुठे कोणी मृत्यूचा दाखला दाखवलेला असतो. दारात पाण्याचं पिंप होतं आणि हसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची कंपनीची जाहिरात होती, दुसरं कोणी नव्हतं. तोवर आवाज संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. नळ, झाकण, खोकला, श्वास. नळ, झाकण, खोकला, श्वास. श्वासाच्या पुढचं काही येतच नव्हतं. पुढे काय आहे ते मला पाठ होतं. पुढे बाबा म्हणतात, "दूध बघ गं, वर आलंय." ते कोणीतरी कापलं होतं. सराईत हाताने कापलं होतं, सांधा कुठे कळत नव्हता.

"हा आवाज कुठला आहे?" मी विचारलं. "सिस्टिममध्येच येतो, मॅडम," मुलगी म्हणाली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका चौकोनात लिहिलं होतं: स्वयंपाकघर, मध्यम गोंगाट. "आमच्या सगळ्या सेंटरांत हाच असतो. परदेशातसुद्धा." हे ती कौतुकाने सांगत होती. तिचा काय दोष. तिला शिकवलं तसं ती बोलत होती. पण माझ्या डोळ्यांसमोर एकदम अशा खोल्याच खोल्या आल्या, प्रत्येक खोलीत वायरी लावलेला एक म्हातारा माणूस, आणि प्रत्येक खोलीत माझे बाबा खोकतायत, श्वास घेतायत, आणि त्यांना बोलू दिलं जात नाही. मला जे झालं त्याला दुःख म्हणता येणार नाही. मी नीट तपासून बघितलं, दुःख नव्हतंच. सापडला, असं वाटलं मला. इतकी वर्षं ज्याच्या मागावर होते तो चोर हातात मुद्देमाल घेऊन स्वतःच दारात उभा राहिला होता, आणि त्याला ठाऊकही नव्हतं.

त्याआधीचं सांगायला हवं. माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली तिने. आवाजावरून ती माणसाचं वय, आजार आणि खोटेपणा ओळखायची, आणि ओळखलं तर गप्प बसायची; नोकरीने तिला तेवढं शिकवलं होतं. तिचेच कान गेले. गेले म्हणजे एकदम नाही, सावकाश, जिना उतरल्यासारखे. मशीन घेतलं तेव्हा मला वाटलं चष्म्यासारखं असेल, लावलं की झालं. तसं नसतं. कोणता सूर किती मोठा करायचा, कोणता दाबायचा, हे त्या मशीनला कॉम्प्युटरवरून सांगावं लागतं, आणि कान जसजसे उतरत जातात तसतसं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ते सांगायचं सॉफ्टवेअर फक्त कंपनीकडे. आई तिकडून आली की दोन दिवसांत म्हणायची, "फोनवर मावशीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येतोय." मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, दुसऱ्या गावात, अंथरुणाला खिळलेली. दिवसभर घरात एकटी, मुलगा-सून कामावर. संध्याकाळी तिचा फोन यायचा. दोघी काय बोलायच्या ते कोणी विचारू नये. डाळीत मीठ जास्त झालं इथपासून मेलेल्या माणसांच्या भांडणांपर्यंत. पण त्या फोनवर मावशी जगत होती आणि खरं सांगायचं तर आईही. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "बाकी जग बहिरं झालं तरी चालेल, तेवढा फोन नीट ऐकू येऊ दे."

मी सॉफ्टवेअर लिहिणारी बाई. मशीन कंपनीच्या कॉम्प्युटरशी काय बोलतं ते मी वायरीवर कान लावून ऐकलं, आईसारखंच म्हणायचं, आणि स्वतःचा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव कानोसा. आईच्या शेजारी बसायचं, मावशीला फोन लावून द्यायचा, आणि त्या बोलत असताना एकेक सूर वरखाली करायचा, आई हाताने "अजून, अजून, बास" करेपर्यंत. मग मी तो सगळ्यांसाठी खुला केला. घ्या, वापरा, बदला, विकलात तरी माझी हरकत नाही, फक्त आमची नावं त्यावर राहू द्या. आमची म्हणजे माझं आणि भिडूचं. भिडू माझ्याबरोबर एका ऑफिसात होता. गोंगाटातून माणसाचं बोलणं वेगळं काढायची युक्ती त्याची. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायचा, आईच्या हातचा चहा प्यायचा, तिला काकू आणि बाबांना काका म्हणायचा. मला भाऊ नाही. एवढं पुरे.

युक्ती तपासायला खरा गोंगाट हवा होता. विकत मिळतो, पण त्यावर कंपन्यांची शंभर बंधनं. म्हणून आम्ही घरातच रेकॉर्ड करत सुटलो: जिना, बाथरूम, शेजारचा टीव्ही. त्या दुपारी भिडू माइक धरून ओट्याजवळ उभा होता, मी नळ सोडला, झाकण पाडलं, आणि बाबा काही माहीत नसताना आत आले, खोकले, दूध बघ म्हणाले. मी वैतागले. भिडूने मात्र खूण केली, असू दे, हे खरं आहे. बाबांना कळल्यावर ते म्हणाले, "बरा आला का? नाहीतर पुन्हा खोकतो." आम्ही हसलो. पुढच्या वर्षी त्याच खोकल्याने ते गेले. त्यानंतर मला त्या आवाजांचा फोल्डर उघडवेना. प्रोग्रामवर लायसन्स लावलेलं होतं, आवाजांवर लावायचं राहून गेलं होतं. आमच्या धंद्यातले लोक अशा बाबतीत सोवळे असतात. जगभरातून कोणी ना कोणी टोचायचं: बाई, आवाजांना लायसन्स नाही, लावा, नाहीतर कायद्याने ते फक्त तुमचेच राहतात, कोणाला वापरता येत नाहीत. मी हो म्हणायचे आणि टाळायचे. भिडूला हे ठाऊक होतं. तो म्हणायचा, राहू दे, तुला जमेल तेव्हा लाव.

मग भिडू त्याच कंपनीत गेला. जाऊ दे, लोक जातात. मी स्वतः त्याला शुभेच्छा दिल्या. वर्ष झालं नाही तोच कंपनीचं नवं सॉफ्टवेअर आलं, जाहिरातीत लिहिलेलं, गोंगाटातून माणूस शोधून देणारं, जगात पहिलं. आणि त्याच्यासोबत एक अपडेट. ते आईच्या मशीनमध्ये गेलं आणि मशीनने माझ्याशी बोलणं बंद केलं. कंपनीची डिजिटल सही असल्याशिवाय ते कोणालाच दाद देईना. मी ते कुलूप उघडायला जंग जंग पछाडलं. उघडलं नाही. चांगलं होतं, भिडूनेच बनवलं होतं, आणि कुलपं कशी बनवायची ते तो माझ्याकडूनच शिकला होता. कानोसा वापरणारी देशोदेशीची माणसं मला लिहीत होती, आमच्या आजोबांचं मशीन मुकं झालंय, काहीतरी करा. मी काय करणार, कपाळ? त्यांच्या सॉफ्टवेअरच्या आत माझाच प्रोग्राम आहे असा मला संशय होता, पण त्यांचं सॉफ्टवेअर म्हणजे बंद डबा. आत कोणाच्या घरचं आहे ते झाकण उघडल्याशिवाय कळायचं कसं? उघडणार कोण? ज्यांनी झाकलं तेच. भिडूला फोन केला तर म्हणाला, "असं काही नाही गं. सगळं नव्याने लिहिलंय." चांगलं शांत आवाजात म्हणाला. आई असती फोनवर तर तिने ओळखलं असतं.

आता खोकल्यावरून मी ओळखलं. सेंटरमधून बसने घरी येताना आई खिडकीशी बसली होती. मी काही बोलले नव्हते. ती बाहेर बघत म्हणाली, "यांचा खोकला होता." मी तिच्याकडे बघत राहिले. "मागच्या वेळीही होता," ती म्हणाली. "मागच्या वेळी? मग तू बोलली का नाहीस?" "काय बोलायचं? तू भांडायला उठली असतीस." तिने पिशवी मांडीवर नीट केली. "खोकतायत, खोकू देत. आपलं काय जातं? मला आज फोन नीट ऐकू येणार आहे, मुलीने छान लावून दिलंय. भांडायला तुला जन्म पडलाय." त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला तेव्हा आई खरंच हसत होती. मी आतल्या खोलीत इतक्या वर्षांनी तो फोल्डर उघडला. सगळं ऐकलं. दूध बघ गं, वर आलंय. मग फोल्डरमधली तारीख बघितली, लायसन्स नाही ते बघितलं, आणि माझ्या आळसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. लायसन्स लावलं असतं तर त्यांनी बाबांना राजरोस नेलं असतं. लावलं नव्हतं म्हणून ते माझे होते.

वकीलबाई माझ्याच वयाच्या, केस बारीक कापलेल्या, बोलताना समोरच्याची पेनं सरळ करत बसणाऱ्या. त्यांनी हेडफोन लावून आधी आमचा आवाज ऐकला, मग मी नंतर सेंटरमध्ये जाऊन मोबाइलवर घेतलेला, मग पुन्हा आमचा. "हा दरवाजा आहे," त्या म्हणाल्या. "एक आवाज त्यांनी बदलून टाकला तर संपलं, तेवढ्यावर थांबायचं नाही. एक चोरी दाखवली की कोर्टाला सांगता येतं, अख्खा डबा उघडा. आत तुमचा प्रोग्राम सापडला, त्यावर नाव नसलं, तर मनाई हुकूम. निकाल लागेपर्यंत त्यांचं सॉफ्टवेअर वापरणंच बंद." मला इतका आनंद झाला की मी त्यांचं पेन उचलून वाकडं ठेवलं. त्यांनी ते सरळ केलं. "पण बंद म्हणजे सगळीकडे बंद. तुमच्या आईचं मशीन कोण लावणार?" मी म्हटलं, ते मी बघते. काय बघणार होते मी? काहीही नाही. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. बोलताना माझ्या डोळ्यांपुढे आई नव्हतीच, भिडू होता, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेला.

डबा उघडला. कोर्टाने नेमलेल्या माणसाने आत बघितलं आणि आत माझं घर होतं. ओळी त्याच, चुका त्याच. एका ठिकाणी मी घाईत एक आकडा असाच टाकला होता, का टाकला ते मलाही सांगता येत नाही. तो तसाच होता, त्यांच्यात कोणाची हात लावायची हिंमत झाली नव्हती. फक्त वरची नावं गेली होती, माझं आणि भिडूचंही. त्याने स्वतःचंही पुसलं होतं. हे वाचून क्षणभर मला काहीतरी वाटलं आणि मी ते लगेच दाबलं. मनाई हुकूम निघाला त्या दिवशी आमच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या जगात दिवाळखोराला लॉटरी लागावी तसा जल्लोष. अनोळखी लोक मला बहीण म्हणायला लागले. मी आईला पेढा देतात तसं तोंडभर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. माझी परवाची वेळ आहे सेंटरला, ती आहे ना?"

ती वेळ रद्द झाली होती, तरी मी तिला घेऊन गेले. का, कोण जाणे. बघायचं होतं मला. दारावर कागद चिकटवलेला, आत दहा-बारा म्हातारी माणसं खुर्च्यांवर, काही आपल्या मुलांबरोबर, आणि ती मुलगी प्रत्येकाला मोठ्याने सांगत होती, "सिस्टिम बंद आहे हो. कोर्टाचं आहे. कोणीतरी बाई आहे, तिने बंद केलंय." एका आजोबांनी विचारलं, "कोण बाई?" "माहीत नाही. आमच्याच धंद्यातली आहे म्हणे." "तिच्या घरात कोणी म्हातारं नाही वाटतं," ते म्हणाले आणि आजूबाजूच्या माना हलल्या. माझा कान गरम झाला. आईने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, काही नाही, वेळ लागेल. ती तशीच बसून राहिली, पर्स धरून, शहाण्यासारखी. मला त्या आजोबांचा राग आला. म्हणजे चोरी केली त्यांनी, आणि शाप मला. मग सगळ्यांनी मिळून चोराचेच पाय धुवा. मी मनात असं भांडत होते आणि भांडताना माझं तोंड हलत असणार, कारण ती मुलगी माझ्याकडे बघून थांबली.

मग भिडूचा निरोप आला, भेटायचं आहे. कंपनीच्या एका काचेच्या खोलीत भेटलो. केस पांढरे झाले होते. पहिलं वाक्य, "काकू कशा आहेत?" मी म्हटलं, "बहिऱ्या आहेत." तो खाली बघून टेबलावर बोट फिरवत राहिला. मग त्याने मांडलं. कंपनी तडजोड करायला तयार आहे. जुन्या मॉडेलांचं कुलूप ते उघडून देतील, सगळ्यांसाठी, कागदोपत्री. कानोसा पुन्हा चालेल. सॉफ्टवेअरवर माझं नाव येईल. "उद्या सकाळी तू घरी बसून काकूंचं मशीन लावू शकशील. मी स्वतः फाइल पाठवतो." बदल्यात खटला मागे घ्यायचा, आणि आवाज कोणी आत आणले ते विचारायचं नाही, अनवधानाने झालं, एवढंच लिहायचं. बोलताना त्याने दोनदा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. मला बरं वाटलं. मी विचारलं, "बाबांचं वाक्य कोणी कापलं?" "मी," तो म्हणाला. "आवाज आत गेले तेव्हा मी थांबवू शकलो नाही. म्हणजे मीच दिले होते, दुसरे हाताशी नव्हते. पण काकांचं बोलणं विकायला नको असं वाटलं. तेवढं तरी. म्हणून कापलं." आणि असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं, अपेक्षेने. याला वाटत होतं की हे ऐकून मी विरघळेन. खोकला विकला, श्वास विकला, माणूस अर्ध्यावर तोडला आणि वर म्हणे तेवढं तरी. एखाद्याचं घर लुटून देवघराला नमस्कार करून जावं, तसं. तो त्याऐवजी हरामखोरासारखा वागला असता ना, तर कदाचित मी सही केली असती.

"मला कुलूप नको," मी म्हटलं. "मला तू हवा आहेस. कोर्टात उभा राहा आणि सांग, मी नेलं. मी नावं पुसली. मी त्या माणसाचा खोकला विकला. तुझ्या तोंडून." "माझी नोकरी जाईल." "जाऊ दे." "या धंद्यात मला दारात कोणी उभं करणार नाही." "नको करू दे." तो म्हणाला, "अगं, पण मग कुलूप नाही उघडणार. मी बाहेर गेलो तर आतून कोण उघडणार? त्यांना काय पडलंय? ते नवं सॉफ्टवेअर लिहितील, नव्या मॉडेलांसाठी, आणि जुनी मॉडेलं बाद करतील. काकूंचं मशीन कायमचं जाईल. तुला कळतंय ना?" मला कळत होतं. मला सगळं कळत होतं, हेच तर आहे. मी वकिली करायला लागले, म्हटलं, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो." ही म्हण मी कितीतरी सभांमध्ये कंपन्यांवर वापरली होती, लोक टाळ्या वाजवतात. तोंडातून गेल्यावर मला तिच्यातली म्हातारी दिसली, पर्स धरून बसलेली. भिडूलाही दिसली असणार. मी शब्द मागे घेतले नाहीत. जिना उतरताना पाय हलके होते.

मधल्या काळात आईचे कान उतरत गेले. आधी परक्या बायकांचे आवाज गेले, मग दाराची घंटा, मग माझा. फोन वाजला की कळावं म्हणून मी एक दिवा बसवून दिला, फोनबरोबर लुकलुकणारा. त्याचं आईला फार कौतुक. नव्या मॉडेलांसाठी कंपनीने वेगळं सॉफ्टवेअर लिहून घेतलं होतं, त्यातलं नवं मशीन घेता आलं असतं. पण गावातली तिन्ही दुकानं याच कंपनीची मशीनं विकतात, दुसरी एक कंपनी होती ती यांनी गिळली, आणि यांचं मशीन पैसे मोजून आईच्या कानात घालायला माझा हात उठेना. निकालानंतर घेऊ, मी म्हणायचे. आईने कधी हट्ट केला नाही. एकदा फक्त मी ताट वाढत असताना म्हणाली, "तुझे बाबा बरे. त्यांना भांडण आवडायचं नाही." मी ओरडून विचारलं, "म्हणजे माझं चुकतंय का?" ती हसून म्हणाली, "भात? नको, पुरे." आणि मी सुटले. इतकं सोपं झालं होतं सगळं. तिच्यासमोर मी काहीही म्हणू शकत होते. एकदा तिच्या पाठीमागे उभी राहून मी साध्या आवाजात म्हटलं, आई, हे मी तुझ्यासाठी करत नाहीये. ती शेंगा सोलत होती, सोलत राहिली.

शेवटच्या तारखेला भिडू उभा राहिला. कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडलं होतं, सगळं त्याच्याच अंगावर ढकललं होतं, तेव्हा त्याच्यापुढे दुसरा रस्ताही नव्हता. त्याने सांगितलं. मी नेलं. मी नावं पुसली. न्यायाधीशांनी तो आवाज भर कोर्टात लावायला सांगितला, पूर्ण. नळ, झाकण, खोकला, श्वास, आणि मग बाबा बोलले. तिथे एकदोघे हसले, दुधाचं ऐकून. भिडूने डोळे मिटले. मला छान वाटलं. खोटं कशाला सांगू, मला इतकं छान वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं. लोक म्हणतात सूड घेतला की आत पोकळ वाटतं. मला नाही वाटलं. मी भरलेली होते, कडेपर्यंत. बाहेर येताना तो पायऱ्यांवर एकटा उभा होता, फाइल छातीशी धरून, आणि मी त्याच्या अगदी जवळून गेले, मुद्दाम, त्याला माझा चेहरा दिसावा म्हणून. वकीलबाई म्हणाल्या, कंपनीने जुनी मॉडेलं आजपासून बाद केल्याचं जाहीर केलंय. मी म्हटलं, हो, ते होणारच होतं. फोनवर अभिनंदनांचा पाऊस चालू होता. बसमध्ये मी एकेक वाचत होते आणि माझा थांबा चुकला.

चालत घरी आले तोवर संध्याकाळ झाली होती. दार उघडलं तर आतून आईचं बोलणं ऐकू आलं. दिवा लुकलुकला असेल, तिने फोन उचलला असेल. ती पाठमोरी बसली होती, रिसीव्हर कानाशी, एक्स्चेंजमध्ये बसायची तशी ताठ. "हो का," ती म्हणत होती. "बरं, बरं." मग थांबत होती. मोजून, समोरच्याला जेवढं बोलायला लागतं तेवढी थांबत होती, आणि मग, "तेच म्हटलं मी." तिचं बोलणं इतकं बिनचूक होतं की क्षणभर मला वाटलं, ऐकू येतंय हिला. मी चपला काढून जवळ गेले. फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला होता, मावशीचा शब्द न् शब्द खोलीत पडत होता. "ताई, तुला ऐकू येत नाहीये ना? मला किती दिवस झाले कळतंय गं. मी काय विचारते आणि तू काय सांगतेस. नुसतं नाही म्हण, ताई. नाही म्हणालीस की मी ठेवते."

"हो, हो," आई म्हणाली, "आज निकाल होता. जिंकणार आमची, मला खात्री आहे." ती थांबली. मावशी पलीकडे रडत होती. आई मान डोलवत होती. "अगं, माझ्यासाठी भांडतेय इतकी वर्षं. दुसरं कोण करतं आईसाठी?" मी हात पुढे केला होता, तिच्या खांद्यापर्यंत, आणि तो तिथेच राहिला. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला, मग रिसीव्हरमधून ती लांबलचक एकसुरी घरघर. आईने थोडा वेळ जाऊ दिला, हसली, आणि मावशीला माझ्याबद्दल पुढे सांगायला लागली.